भावंडासोबत नेपाळला सेवाकार्यासाठी जायचंय? विदर्भातल्या गावाहून निघणाऱ्यांसाठी

उलंगवाडी झाली, शेवटचा कापूस घरातून गेला, की आमच्या कोरडवाहू घरात दोन-तीन महिने वावराची घाई नसते. त्याच मोकळ्या दिवसांत मी आणि माझा धाकटा भाऊ नेपाळच्या तराईतल्या, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट भागातल्या, एका सरकारी शाळेत काम करायला गेलो. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. घरातल्या कोणीही त्याआधी देशाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. परत आल्यापासून आजूबाजूच्या गावांतली मुलंमुली विचारायला येतात, कोणी बहिणीसोबत जायचं म्हणतं, कोणी भावासोबत. त्यांना ओसरीवर बसून जे सांगते, तेच इथे लिहून काढलं आहे.

येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न पासपोर्टचा विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न घराचा आहे.

आधी घर लावून द्या

घरातलं एक लेकरू बाहेर गेलं तर दुसरं सांभाळून घेतं. दोघंही एकदम निघाले की ते सांभाळणारंच कोणी उरत नाही. आमच्या बाबांनी नाही म्हटलं नाही, एवढंच विचारलं, “तुमी दोघंही गेले त घराकडं कोन पाहीन?” या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. ते शोधायला महिना गेला आणि तो महिना सगळ्यात कामाचा ठरला.

काळ आधी ठरवा. कापूस-तुरीचं घर असेल तर होळीनंतर निघून मृगाच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आधी परत यायचं, हा हिशेब बसतो. नेपाळातही त्यानंतर पावसाळा लागतो आणि डोंगरातले रस्ते दरडींनी बंद पडतात. पण वरुड-मोर्शीकडे तुमची संत्र्याची बाग असेल आणि आंबिया, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा बहार धरला असेल, तर उन्हाळा हाच ओलिताचा काळ. तेव्हा दोघांनी मिळून जाणं मला पटत नाही. एकाने जावं, दुसऱ्याने पुढच्या वर्षी.

मग मोबाइल नंबर. ही गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. गावाकडे आईवडिलांचं बँकखातं, पीएम किसान, आधार, गॅस सिलिंडर, सगळं पोरांच्या नंबरला जोडलेलं असतं. तुम्ही सीमा ओलांडली आणि रोमिंग नसलं की घरी सिलिंडर येतो, कोड मात्र तुमच्या बंद फोनवर. माझा नंबर आईच्या खात्याला जोडलेला होता. मी ते सिमकार्ड काढून घरच्या साध्या फोनमध्ये टाकलं, आईला मेसेज उघडून आकडे वाचायला शिकवलं आणि आठवडाभर तिच्याकडून सराव करून घेतला. हे निघायच्या आदल्या दिवशी करू नका. नंबरच बदलून घ्यायचा असेल तर बँकेचे आणि आधार केंद्राचे हेलपाटे दोन-तीन तरी धरा.

तिसरं, एक माणूस नेमा. काका, मावसभाऊ, शेजारी, कोणीही, पण एकच. घरची अडचण त्यालाच आधी कळेल आणि तोच तुम्हाला फोन करील. आणि कोण परत येईल हे आत्ताच ठरवा: आई आजारी पडली तर कोण, वावराचं काही निघालं तर कोण. आम्ही ते वहीत लिहिलं होतं. तिथे गेल्यावर बाबांचा पाय मोडल्याची बातमी आली तेव्हा भावाने वही उघडली नाही, सरळ बॅग भरली, कारण ठरलेलं होतं. मी राहिले. वाद झाला नाही.

लोक बोलतील. लग्नाची मुलगी परदेशात कशाला, असं मलाही ऐकावं लागलं. आजोबांनी एका वाक्यात तो विषय संपवला: मोझरीचे तुकडोजी महाराज १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले होते, मग आपल्या पोरांनी नेपाळला का जाऊ नये? प्रत्येक घरात असे आजोबा नसतात हे मला ठाऊक आहे. तरी घरातलं एक मोठं माणूस आपल्या बाजूने उभं करूनच निघा, भांडून निघू नका.

दोघांनी वेगवेगळं ‘हो’ म्हणा

भाऊ जातो म्हणून बहीण, बहीण हट्ट करते म्हणून भाऊ, असं जाऊ नका. दोघांनी वेगळं बसून कागदावर लिहा: मला का जायचंय, मला काय येतं, किती दिवस जमेल. मग कागद अदलाबदल करा. माझ्या भावाने लिहिलं होतं, “मला शिकवता येत नाही, पण गवंडीकाम आणि नळजोडणी येते.” तिथे माझ्या डी.एड.पेक्षा त्याची नळजोडणी जास्त उपयोगी पडली. शाळेला मुलींचं स्वच्छतागृह होतं, पाणी नव्हतं.

त्याआधी स्वतःला जवळच तपासून पाहा. बाबा आमटे यांच्या संस्थेची सोमनाथची श्रमसंस्कार छावणी चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ वर्षानुवर्षं मे महिन्यात भरत आली आहे. तिथे आठवडाभर भर उन्हात श्रमदान करून पाहा. सेवाग्राम आहे, आनंदवन आहे, हेमलकसा आहे. अनोळखी लोकांत, आपल्या सोयी सोडून, दुसऱ्याने सांगितलेलं काम करताना आपण भावंडं कशी वागतो ते तिथेच कळतं. तिथे एकमेकांवर चिडचिड झाली तर परदेशात ती दुप्पट होईल.

संस्था निवडताना

इथे घाई केली तर पुढचं सगळं बिघडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नेपाळातल्या संस्थेची नोंदणी जिल्हा प्रशासन कार्यालयात होते आणि तिचं नूतनीकरण वेळोवेळी करावं लागतं. बऱ्याच संस्था समाज कल्याण परिषद या तिथल्या सरकारी संस्थेशीही संलग्न असतात. नोंदणीचा आणि चालू नूतनीकरणाचा कागद मागा. आपल्यासारखीच देवनागरी आहे, वाचता येतो. कागद मागितल्यावर ज्याला राग येतो त्याच्याकडे जाऊ नका.

मग विचारा: काम नेमकं काय? आम्ही नसतो तर ते कोणी केलं असतं? गावातल्याच माणसाला मजुरी देऊन होणारं काम आपण फुकट करत असू, तर त्याचा रोजगार आपण खातो. आपण रोजगार हमीची कामं पाहिलेली माणसं, हे आपल्याला समजावून सांगायला नको. आम्ही त्या शाळेतल्या नळजोडणीसाठी गावातला एक तरुण सोबत घ्यायला लावला. भावाला मधेच परत यावं लागलं तेव्हा उरलेलं काम त्यानेच पूर्ण केलं.

अनाथाश्रमात राहून मुलांना ‘माया देण्याचं’ काम मात्र घेऊ नका. ऐकायला कठोर वाटेल. पण नेपाळ, कंबोडिया अशा देशांत बालगृहांतल्या अनेक मुलांचे आईवडील हयात असतात, परदेशी पाहुण्यांच्या पैशासाठी मुलांना घरापासून तोडून तिथे आणल्याची प्रकरणं उघडकीला आली आहेत, आणि युनिसेफनेही अशा स्वयंसेवेविरुद्ध सावध केलं आहे. ऑस्ट्रेलियाने तर २०१८ साली अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची तस्करी हा आधुनिक गुलामीचा प्रकार मानला. शिवाय दर महिन्याला नवी ताई, नवा दादा यायचा, लळा लावायचा आणि निघून जायचा, हे त्या लेकराच्या जिवाला लागतं. शाळा, आरोग्य, पाणी, झाडं, शेती, अशी कामं भरपूर आहेत.

पैशाचंही स्पष्ट विचारा. राहण्याजेवण्याचा खर्च संस्थेने घेणं रास्त आहे, तो कुठे जातो हे तिने सांगावं. उलट कोणी म्हणालं की सेवा करा, तिकीट आम्ही काढू आणि वर पगारही देऊ, तर दूर राहा. परदेशातल्या कामाच्या नावाखाली भारतीय तरुणांना म्यानमार आणि कंबोडियात नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबल्याची प्रकरणं घडली आहेत. पासपोर्ट ‘जपून ठेवायला’ कोणाच्याही हाती द्यायचा नाही, संस्थेच्या प्रमुखाच्याही नाही.

आमची एकदा फसगत झाली. पहिल्या वर्षी एका मध्यस्थाने दोघांचे नोंदणीचे म्हणून पैसे घेतले आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. भावाने कामाला जाऊन साठवलेले पैसे होते ते. त्यानंतर आम्ही मध्यस्थ ठेवलाच नाही. जिथे काम करायचं त्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी व्हिडिओवर बोललो, मगच पुढे गेलो.

कागदपत्रं

नेपाळसाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. १५ ते ६५ वयाच्या माणसाला नुसतं आधार कार्ड पुरत नाही, विमानतळावर तर नाहीच. तरी मी म्हणेन, दोघांचेही पासपोर्ट काढा. पुढे दुसऱ्या देशात जायचं झालं तर तो लागणारच.

अर्ज पासपोर्ट सेवाच्या संकेतस्थळावर भरायचा. विभागीय कार्यालय नागपूरला आहे, पण काही जिल्ह्यांच्या ठिकाणी टपाल कार्यालयातही पासपोर्ट केंद्र आहे, अर्ज भरतानाच जवळचं निवडा. साध्या ३६ पानी पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये, तत्काळला २,००० जास्त. प्रौढांचा पासपोर्ट १० वर्षं चालतो. दहावी पास असाल तर मार्कशीट जोडा, म्हणजे पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीचा शेरा येत नाही. पोलीस पडताळणीला ठाण्यातून फोन येतो. त्या काळात गावात हजर राहा आणि पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा.

भावंडांची खरी अडचण नावात असते. एकाच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव एका स्पेलिंगने, दुसऱ्याच्या आधारवर दुसऱ्या स्पेलिंगने. वडिलांचं नाव एकीकडे ‘राव’ लावून, एकीकडे बिनरावाचं. बहिणीचं लग्न झालं असेल तर आडनावच वेगळं. परदेशात दवाखान्यात एकाला दाखल केलं आणि दुसऱ्याला नातं सिद्ध करायचं असलं की हे आडवं येतं. दोघांचे सगळे कागद एका सतरंजीवर पसरा आणि ओळीने जुळवून पाहा. किरकोळ चूक आधार केंद्रावर दुरुस्त होते, नावच बदलायचं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करावं लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम दिवाळीच्या आत उरका.

संस्थेकडून दोघांच्या नावांचं एक पत्र घ्या: कोण, कुठे, किती दिवस, कोणत्या कामासाठी. सोनौलीसारख्या खुल्या सीमेवर भारतीयांच्या पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, म्हणून तुम्ही नेपाळात कधीपासून आहात हे दाखवायला हेच पत्र कामी येतं. काठमांडूतल्या भारतीय दूतावासाचा नंबर दोघांनी फोनमध्येही ठेवा आणि वहीतही. बिरगंजला भारतीय वाणिज्य दूतावास आहे.

नेपाळ सोडून इतर देशांचा विचार असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या: पर्यटक व्हिसावर बिनपगारी काम करणंही अनेक देशांत बेकायदेशीर आहे. ब्रिटनमध्ये पर्यटकाला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत ३० दिवसांपर्यंतच स्वयंसेवा करता येते, जास्त दिवसांसाठी वेगळा व्हिसा लागतो. केनिया, युगांडाकडे जाणाऱ्यांना पीतज्वराची लस किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र जन्मभर चालतं. तिथून लस न घेता भारतात परतलात तर विमानतळावरून थेट विलगीकरणात ठेवतात.

रक्त तपासल्याशिवाय निघू नका

सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार आपल्या विदर्भात घरोघरी ओळखीचा आहे, तरी स्वतःची तपासणी केलेली माणसं थोडी. भावंडांनी तर ती करावीच. आई आणि वडील दोघंही वाहक (स्वतः आजारी नसून आजार लेकरांना देऊ शकणारे) असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के आणि वाहक असण्याची ५० टक्के असते. एकाचं रक्त चांगलं निघालं म्हणून दुसऱ्याचं चांगलं असेल असं मुळीच नाही. सरकारी दवाखान्यात आधी साधी विद्राव्यता चाचणी होते, पण ती वाहक कोण आणि रुग्ण कोण हे सांगत नाही. पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी मागून घ्या.

हे नेपाळसाठी एवढं महत्त्वाचं का? उंची, थंडी आणि अंगातलं पाणी कमी होणं, या तिन्ही गोष्टी सिकलसेलच्या रुग्णाला त्रासाच्या असतात. फार उंचीवर वाहकालाही धोका संभवतो. आपल्याला ठाऊक असलेला उंच डोंगर म्हणजे चिखलदरा, साधारण १,१०० मीटर. काठमांडूच त्याहून उंच, १,४०० मीटरच्या आसपास, आणि पुढची गावं किती तरी वर. रुग्ण असाल तर तराईतलंच काम घ्या, तेही डॉक्टरांना विचारून. निरोगी माणसानेही ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये.

तराईत जपानी मेंदूज्वर, डेंग्यू, विषमज्वर आढळतात. लसींचं डॉक्टरांशी महिनाभर आधी बोला. औषधं चिठ्ठीसह, मूळ पाकिटात न्या. विम्यात अंगमेहनतीच्या कामात झालेली दुखापत धरलेली आहे का, हे वाचूनच पैसे भरा.

रस्ता आणि पैसा

नागपूरहून गोरखपूरला थेट गाड्या आहेत. राप्तीसागर एक्सप्रेस बल्लारशा-नागपूरमार्गे जाते. गोरखपूरहून बसने शंभरेक किलोमीटरवर सोनौली, तिथून पायी सीमा ओलांडली की भैरहवा. लुंबिनी तिथून जवळ आहे. आपल्याकडची कितीतरी कुटुंबं त्या वाटेने दर्शनाला जातात, त्यामुळे ओळखीत चौकशी करा, गाडीच्या वेळेपासून मुक्कामापर्यंतची माहिती दीक्षाभूमीला जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून सहज मिळते.

१०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. दुकानदार विचारतो, “आयसी की एनसी?” म्हणजे भारतीय रुपया की नेपाळी. भाव ठरवताना आधी तेच विचारा. १०० रुपयांपर्यंतच्या नोटा न्या. मोठ्या नोटांवर नेपाळात २०१८ मध्ये बंदी आली होती आणि नियम बदलत असतात, म्हणून निघायच्या आठवड्यात बँकेत विचारून घ्या. पैसे दोघांनी निम्मे-निम्मे ठेवा, आणि प्रत्येकाकडे एकट्याने घरी पोचण्याइतकी रक्कम वेगळी, शिवलेल्या खिशात. एकमेकांच्या कागदांच्या छायाप्रती आपापल्या बॅगेत ठेवा, मूळ कागद मात्र ज्याचे त्याच्याजवळ.

तिथे गेल्यावर

नेपाळात अनोळखी माणसालाही नात्यानेच हाक मारतात. मोठा तो दाइ, मोठी ती दिदी, धाकटा भाइ, धाकटी बहिनी. भेटल्यावर “खाना खानुभयो?” विचारतात, आपल्याकडच्या “जेवले का?” सारखंच. तराईत हिंदी चालते, भोजपुरी-अवधी कानावर पडते, डोंगराकडे मात्र नेपाळी शिकावीच लागते. दोन्ही वेळा डाळभात. पंधरा दिवसांनी भाकरीची आठवण येते, म्हणून मी ज्वारीचं पीठ नेलं होतं. शाळेतल्या स्वयंपाकाच्या दिदीला भाकरी थापायला शिकवली, तिने मला गुन्द्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी, करायला. शनिवारी सुट्टी, घड्याळ १५ मिनिटं पुढे, आणि त्यांचं नवं वर्ष वैशाखात, एप्रिलच्या मध्यावर लागतं.

काम वेगवेगळं मागा. पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं सतत सोबत होतो आणि मराठीत बोलत राहायचो. गावातली माणसं जवळ येईनात. मुख्याध्यापकांनीच मला मुलींच्या वाचनवर्गावर आणि भावाला टाकीच्या कामावर पाठवलं, तेव्हा ओळखी झाल्या. संध्याकाळी मात्र अर्धा तास दोघांनीच बसायचं, दिवसभराचं सांगायचं. कोणाला काही खुपत असेल तर ते तिथेच निघतं. राहायला बहीण-भावाची सोय वेगळ्या घरांत केली तर वाईट मानू नका, पण बहिणीला जिथे ठेवलं ते घर भावाने पहिल्याच दिवशी पाहून यावं.

उपदेश करू नका. पश्चिम नेपाळात पाळीच्या दिवसांत बाईला वेगळ्या झोपडीत ठेवण्याची छाउपडी प्रथा आहे. २०१७ च्या कायद्याने तो गुन्हा ठरला, तरी प्रथा पुरती गेली नाही. एका शिक्षिकेने मला विचारलं, तुमच्याकडे असं असतं का? मी गडचिरोलीतल्या कुर्माघराबद्दल, पाळीच्या दिवसांत बायांना वेगळं ठेवतात त्या झोपडीबद्दल, सांगितलं. त्यानंतर ती मोकळेपणाने बोलली. आपल्या घरातलं न लपवता गेलो तरच दुसऱ्याच्या घरातलं ऐकायला मिळतं.

मुलांचे फोटो काढायचे तर आईवडिलांना विचारून. वाटपाचे फोटो तर नकोच.

परत येताना

निघण्याच्या आठवडाभर आधी मुलांना तारीख सांगा आणि पुन्हा येण्याचं वचन देऊ नका, येणं नक्की असेल तेव्हाच सांगावं. काय केलं, काय राहिलं, किती पैसे लागले, हे एका कागदावर लिहून शाळेला द्या. आमच्या कागदात टाकीच्या दोन नळांच्या वायसरचं मापही लिहिलेलं होतं.

घरी पोचलात की सिमकार्ड परत आपल्या फोनमध्ये टाका, पण आईला शिकवलेलं सुटू देऊ नका. आणि पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत दोघांपैकी कोणालाही ताप आला, तर तो उन्हाचा किंवा पेरणीच्या दगदगीचा म्हणून अंगावर काढू नका. दवाखान्यात गेल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा की आम्ही नेपाळच्या तराईत राहून आलो आहोत.